तारण आहे, पण नोंद चुकली: अमेरिकन दिवाळखोरीत ट्रस्टी बोजा कसा रद्द करतो

अमेरिकेत एखादी कंपनी दिवाळखोरीत गेली की बँक पहिल्याच आठवड्यात कागद पुढे करते. यंत्रं आमच्याकडे तारण, येणी आमच्याकडे तारण, विक्रीचे पैसे आधी आम्हाला. पुष्कळदा ते खरंच असतं. पण तारणाचा करार होणं वेगळं आणि त्या तारणाची नोंद जगाला दिसेल अशी होणं वेगळं. या दोहोंमध्ये फट सापडली तर ट्रस्टी, म्हणजे दिवाळखोराच्या मालमत्तेचा कारभार पाहायला नेमलेला माणूस, तो बोजा कोर्टाकडून रद्द करून घेऊ शकतो. मग बँक बिनतारणी धनकोंच्या रांगेत जाऊन बसते आणि तारणाचे पैसे सगळ्यांत वाटले जातात. माल पुरवून पैसे अडकलेल्या छोट्या पुरवठादाराला चार पैसे मिळतात ते बहुधा याच वाटेने.

पुण्या-मुंबईत बसून अमेरिकन कर्जांच्या फायली तपासणाऱ्यांना, तिकडे ट्रस्टीच्या किंवा धनकोच्या वकिलाकडे काम करणाऱ्यांना ही तपासणी कोणत्या क्रमाने करावी आणि कुठे पाय घसरतो, हे एका जागी मिळावं म्हणून हा लेख. तपशील राज्यागणिक बदलतात. त्यामुळे निष्कर्ष लिहिण्याआधी त्या राज्याचा कायदा उघडून पाहायलाच हवा.

ताकद कुठून येते

दिवाळखोरी संहितेचं कलम ५४४(ए) ट्रस्टीला तीन काल्पनिक भूमिका देतं. त्यांपैकी दोन रोजच्या कामात लागतात. पहिली जप्तीदार धनकोची: दिवाळखोरीचा अर्ज ज्या क्षणी दाखल झाला त्याच क्षणी कर्जदाराच्या सगळ्या मालावर कोर्टाची जप्ती आणलेला धनको. दुसरी स्थावर मालमत्तेच्या प्रामाणिक खरेदीदाराची: मोबदला देऊन, आधीच्या बोज्याची खबर नसताना घेणारा. असा माणूस प्रत्यक्षात असण्याची गरज नाही. तो असता तर बँकेच्या पुढे गेला असता का, एवढाच प्रश्न विचारायचा.

उत्तर राज्याच्या कायद्यात शोधायचं. जंगम मालासाठी एकरूप व्यापारी संहितेचा, म्हणजे यूसीसीचा, नववा भाग लागतो. त्यातलं कलम ९-३१७ सांगतं की जप्ती आली तेव्हा तारण ‘परफेक्ट’ झालेलं नसेल, म्हणजे नोंदणीने, ताब्याने किंवा नियंत्रणाने पक्कं झालेलं नसेल, तर जप्तीदार वरचढ. दोन कलमं जोडली की ट्रस्टीचा अधिकार पुरा होतो.

कलमात आणखी एक वाक्यांश आहे आणि सगळा खेळ त्याच्यावर आहे: ट्रस्टीला किंवा कोणत्याही धनकोला काय माहीत होतं ते पाहायचं नाही. कर्जदाराने स्वतः अर्जाच्या परिशिष्टात ‘या यंत्रावर अमुक बँकेचा बोजा आहे’ असं लिहून दिलं तरी नोंद चुकलेली असेल तर बोजा जातो. बँकेचे वकील पहिल्या पत्रात हमखास लिहितात की सर्वांना माहीत होतं. त्या पत्राने हलून जाऊ नये. फक्त स्थावराच्या बाबतीत सार्वजनिक दफ्तरातून किंवा जागेच्या ताब्यातून कायदा जी ‘खबर’ गृहीत धरतो ती ट्रस्टीलाही बांधते. वैयक्तिक माहिती मात्र तिथेही मोजत नाहीत.

चॅप्टर ११ मध्ये, म्हणजे कंपनी चालू ठेवून कर्जांची फेरमांडणी करण्याच्या दिवाळखोरीत, वेगळा ट्रस्टी नसेल तर हाच अधिकार कंपनीकडे, कलम ११०७ नुसार, राहतो. पण तीच कंपनी त्याच बँकेकडून रोजच्या खर्चाला पैसे घेत असते आणि त्या बदल्यात बोज्याला आव्हान न देण्याचं कबूल करून बसते. मग तपासणी बिनतारणी धनकोंच्या समितीवर येते. त्यांना मुदत मिळते ती बहुधा ६० ते ७५ दिवसांची. कॅश कोलॅटरलच्या, म्हणजे तारणातली रोकड वापरू देणाऱ्या, हुकुमात ही तारीख पहिल्या दिवशी शोधावी, कॅलेंडरवर टाकावी. ती चुकली तर बाकीचं सगळं वाचन फुकट जातं.

आपल्याकडच्या वाचकाला जवळची तुलना हवी असेल तर कंपनी कायदा २०१३ चं कलम ७७(३) आहे. कंपनीने निर्माण केलेला बोजा निबंधकाकडे नोंदलेला नसेल आणि त्याचं प्रमाणपत्र नसेल तर लिक्विडेटर तो विचारात घेत नाही. तत्त्व तेच, यंत्रणा निराळी.

आधी क्षण पक्का करा, मग फाइल मागवा

पहिली पायरी म्हणजे अर्ज दाखल झाल्याची तारीख आणि वेळ. कोर्टाच्या डॉकेटवर, म्हणजे प्रकरणाच्या नोंदवहीत, ती मिनिटासकट मिळते. पुढचा प्रत्येक प्रश्न ‘त्या क्षणी दफ्तरात काय दिसत होतं’ एवढाच आहे. आज काय दिसतं याला महत्त्व नाही, कारण बँकेने मधल्या काळात दुरुस्ती करून ठेवलेली असू शकते.

मग पाच कागद जमवा. कर्जाची वचनचिठ्ठी. सिक्युरिटी अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे तारणाचा करार, सगळ्या परिशिष्टांसकट. बँकेने दाखल केलेला दाव्याचा फॉर्म ४१०. दिवाळखोरी कार्यपद्धतीच्या नियम ३००१ नुसार त्याला बोजा पक्का झाल्याचा पुरावा जोडावा लागतो आणि पुष्कळदा तो जोडलेलाच नसतो. कंपनीच्या स्थापनापत्राची प्रमाणित प्रत, सगळ्या दुरुस्त्यांसह. आणि राज्याच्या सचिव कार्यालयाचा प्रमाणित यूसीसी शोध-अहवाल, जो यूसीसी-११ या फॉर्मने मागवतात.

अहवाल हाती आला की आधी त्यावरची ‘थ्रू डेट’ वाचा. कार्यालयाची सूची त्या तारखेपर्यंतच अद्ययावत असते. अर्ज १० जूनचा आणि थ्रू डेट ३ जूनची असेल तर मधल्या सात दिवसांत नोंद झाली का, हे अहवाल सांगतच नाही. दुसरा अहवाल मागवा. खाजगी शोध-कंपन्यांचे अहवाल सोयीचे असतात, पण त्यांचं सॉफ्टवेअर जवळपासची नावंही दाखवतं. कोर्टात प्रश्न असतो सरकारी शोधात काय दिसतं याचा. मुदत संपलेल्या नोंदीही कार्यालयाला किमान एक वर्ष ठेवाव्या लागतात, त्याही मागवा. आणि अहवालाच्या यादीवर थांबू नका, प्रत्येक नोंदीची प्रतिमा उघडून पाहा.

इथेच एक साधी पण मोठी चूक होते. लोक थेट यूसीसी-१ वर, म्हणजे तारणाची नोंद करण्याच्या फॉर्मवर, जातात आणि करार वाचतच नाहीत. कलम ९-२०३ नुसार तारण मुळात जडायला तीन गोष्टी लागतात: मोबदला, मालावर कर्जदाराचा हक्क आणि कर्जदाराने सही केलेला, मालाचं वर्णन असलेला करार. सहीचं पान नसेल किंवा ‘परिशिष्ट अ पाहा’ म्हटलं आणि परिशिष्ट अ कोरं असेल, तर नोंद कितीही शुद्ध असली तरी नोंदण्यासारखं काही निर्माणच झालेलं नाही.

नाव: एका अक्षराची किंमत

नोंदी कर्जदाराच्या नावाने लावतात. त्यामुळे नाव चुकलं की नोंद हरवली. नोंदणीकृत कंपनीसाठी कलम ९-५०३ प्रमाणे स्थापनापत्रावरचं नाव जसंच्या तसं हवं. व्यापारी नाव, दुकानावरच्या पाटीवरचं नाव, कर विवरणपत्रातलं नाव चालत नाही. स्थापनापत्र आणि यूसीसी-१ शेजारी शेजारी ठेवून अक्षर-अक्षर जुळवा: अँड शब्दात आहे की चिन्हात, अनेकवचनाचा एस आहे का, आकडा अंकात आहे की अक्षरात.

फरक सापडला म्हणजे लगेच जिंकलं असं नाही. कलम ९-५०६ चूक पोटात घालतं, जर बरोबर नावाने त्या कार्यालयाच्या प्रमाण शोधपद्धतीत शोध घेतल्यावर ती चुकीची नोंद सापडत असेल. बहुतेक राज्यांचं सॉफ्टवेअर विरामचिन्हं, मोकळ्या जागा आणि इन्कॉर्पोरेटेड, एलएलसीसारखी शेपटं वगळून जुळवतं. म्हणून ‘इन्क.’ ऐवजी ‘कॉर्प.’ लिहिलं तर नोंद बहुधा वाचते. नावाच्या गाभ्यात एक अक्षर कमी पडलं तर बहुधा वाचत नाही. अंदाज करू नका. स्वतः बरोबर नाव टाकून शोध घ्या, पडद्याची छायाप्रत तारखेसह काढा आणि प्रमाणित अहवालाने ती पक्की करा.

फ्लोरिडाचं प्रकरण या विषयावर सर्वांनी वाचावं असं आहे. ‘१९४४ बीच बुलेवार्ड एलएलसी’ या कंपनीच्या नावातला बुलेवार्ड हा शब्द लाइव्ह ओक बँकेच्या नोंदीत संक्षिप्त रूपात लिहिला गेला होता. फ्लोरिडाचं दफ्तर तेव्हा नाव टाकल्यावर जुळणाऱ्या नोंदींची ठरावीक यादी देत नव्हतं. ते वर्णानुक्रमाच्या एका जागी नेऊन सोडायचं, तिथून मागे-पुढे पानं उलटत राहावी लागत. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ही प्रमाण शोधपद्धतच नव्हे. त्यामुळे चूक पोटात घालणारं कलम लागूच होत नाही आणि नावातली कोणतीही चूक नोंद निष्प्रभ करते. एका संक्षेपाने बँकेचं सगळ्या मालमत्तेवरचं तारण गेलं.

कर्जदार व्यक्ती असेल तर २०१३ पासून बहुतेक राज्यांत वाहनचालक परवान्यावरचं नाव निर्णायक आहे, परवाना चालू मुदतीतला असेल तर. मराठी माणसांच्या बाबतीत इथे खरीच गुंतागुंत होते. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून कधी येतं, कधी गळतं. लग्नानंतर पासपोर्टवर एक आडनाव आणि परवान्यावर दुसरं राहतं. पासपोर्टवर एकच नाव असेल तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) छापलं जातं आणि कधी ते तसंच परवान्यावरही उतरतं. कर्ज देणाऱ्याने परवाना समोर ठेवून तसंच्या तसं लिहावं. ट्रस्टीने कलम ३४१ खालच्या धनकोंच्या सभेत कर्जदाराकडून परवान्याची प्रत मागावी आणि कर्जाच्या तारखेला कोणता परवाना होता तेही विचारावं.

नाव नंतर बदललं तर नोंद एकदम मरत नाही. जुना माल आणि बदलानंतर चार महिन्यांच्या आत आलेला माल यांवर ती चालते. त्यानंतर आलेल्या मालावर दुरुस्तीशिवाय चालत नाही. खेळत्या साठ्यावरच्या कर्जात ही चार महिन्यांची रेघ लाखो डॉलरची असते. बदलाचं प्रमाणपत्र आणि मालाच्या खरेदीच्या पावत्या एकत्र लावून ती आखावी लागते.

कोणतं राज्य, कोणतं दफ्तर

माल कुठे आहे यावरून नोंदीची जागा ठरत नाही, कर्जदार कुठला आहे यावरून ठरते. नोंदणीकृत कंपनी ज्या राज्यात स्थापन झाली तिथली, व्यक्ती जिथे मुख्यतः राहते तिथली. न्यू जर्सीत गोदाम असलेल्या डेलावेअरच्या कंपनीची नोंद डेलावेअरला हवी. कर्जदार दुसऱ्या राज्यात गेला तर चार महिन्यांत नव्या राज्यात नोंद करावी लागते.

आणि काही वस्तूंना सचिव कार्यालयातली नोंद पुरतच नाही. मोटारगाडीचा बोजा तिच्या टायटल, म्हणजे मालकीच्या, प्रमाणपत्रावर लागतो, पण विक्रेत्याच्या साठ्यातल्या गाड्यांसाठी मात्र यूसीसी-१ च चालते. विमानासाठी ओक्लाहोमा सिटीतलं संघीय विमान दफ्तर. नोंदणी झालेल्या कॉपीराइटसाठी कॉपीराइट कार्यालय, न झालेल्यासाठी यूसीसी. पेटंटला यूसीसीची नोंद पुरते असं नवव्या सर्किटने, म्हणजे त्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने, २००१ मध्ये सांगितलं आहे.

बँक खातं हे सगळ्यांत जास्त विसरलं जाणारं तारण. मूळ तारण म्हणून ते नोंदीने पक्कं होत नाही, फक्त नियंत्रणाने होतं. खातं कर्ज देणाऱ्या बँकेतच असेल तर नियंत्रण आपोआप आहे. दुसऱ्या बँकेत असेल तर कर्जदार, धनको आणि ती बँक असा तिघांचा करार हवा. तो नसला तरी ट्रस्टीने लगेच हुरळू नये. खात्यातला पैसा तारण असलेल्या येण्यांची वसुली आहे असं बँक दाखवून देईल तर तेवढ्यापुरता तिचा हक्क टिकतो. म्हणून खात्याचे उतारे मागवा आणि दरम्यान शिल्लक खाली कुठपर्यंत आली होती ते पाहा. एकदा शिल्लक तळाला गेली की त्या तळाच्या वरचा जुना पैसा संपलेला असतो.

मालाचं वर्णन

यूसीसी-१ वर ‘सर्व मालमत्ता’ एवढं लिहिलं तरी चालतं. करारात चालत नाही. तिथे निदान प्रकार सांगावे लागतात: यंत्रसामग्री, साठा, येणी. आणि व्यापारी नुकसानभरपाईचे दावे तर नुसता प्रकार सांगूनही येत नाहीत, तो विशिष्ट दावा ओळखता येईल असं लिहावं लागतं. कंपनीचा मोठा दावा कोर्टात चालू असेल तर तो बिनबोज्याचा निघण्याची शक्यता बरीच असते, हा कागद आधी वाचा.

नोंदीत वर्णनाऐवजी ‘अमुक तारखेच्या करारात वर्णिलेला माल’ असं लिहिलं तर? २०१९ मध्ये दोन अपील न्यायालयांसमोर हा प्रश्न आला. सातव्या सर्किटने इलिनॉयच्या प्रकरणात ते पुरेसं मानलं: वाचणाऱ्याला सावध केलं, आता त्याने करार मागवावा. पहिल्या सर्किटने पोर्तो रिकोच्या निवृत्तिवेतन रोख्यांच्या प्रकरणात जोड न लावलेल्या ठरावाकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी अपुऱ्या ठरवल्या. कोर्ट कोणत्या सर्किटमध्ये आहे ते पाहूनच या मुद्द्यावर खर्च करावा.

पाच वर्षं आणि एक यूसीसी-३

नोंदीचं आयुष्य पाच वर्षं. मुदतवाढ शेवटच्या सहा महिन्यांतच दाखल करता येते. १४ ऑगस्ट २०१८ ची नोंद असेल तर मुदतवाढीची खिडकी १४ फेब्रुवारी ते १४ ऑगस्ट २०२३. १० फेब्रुवारीला केलेली मुदतवाढ कार्यालयाने स्वीकारली तरी निरुपयोगी. तपासणीत सगळ्यांत सोपा विजय इथे मिळतो, म्हणून हे गणित आधी करावं.

मुदत अर्जानंतर संपली तर मात्र थांबा. अर्जाच्या क्षणी नोंद जिवंत होती. त्यानंतरच्या लोपाचा फायदा कायद्याच्या शब्दांत मोबदला देऊन हक्क घेणाऱ्यांना मिळतो, जप्तीदाराला नाही, आणि ट्रस्टी इथे जप्तीदार आहे. तरीही बँकेने मुदतवाढ करून घ्यावीच. कलम ३६२(बी)(३) मुळे स्थगितीतही ती करता येते, आणि दुसरा तारणी धनको त्या लोपाचा फायदा उचलू शकतो.

आता समाप्तीची नोंद, म्हणजे यूसीसी-३. जनरल मोटर्सचं प्रकरण यासाठीच वाचायचं. कंपनीचे जेपी मॉर्गनच्या पुढाकाराखाली दोन वेगळे व्यवहार होते: २००१ ची सुमारे ३० कोटी डॉलरची भाडेपट्ट्याच्या रूपातली उभारणी आणि २००६ चं १५० कोटी डॉलरचं मुदत कर्ज. ऑक्टोबर २००८ मध्ये पहिला व्यवहार फेडताना समाप्तीच्या नोंदींची यादी करण्यात आली. डेलावेअरच्या शोधात तीन यूसीसी-१ सापडल्या. त्यांपैकी दोन भाडेपट्ट्याच्या होत्या, तिसरी मुदत कर्जाची. तिन्ही यादीत गेल्या. मसुदा दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या हातून गेला आणि तिसरा क्रमांक कोणाच्या लक्षात आला नाही. १ जून २००९ ला कंपनी दिवाळखोरीत गेली. धनकोंच्या समितीने दावा लावला. बँकेचं म्हणणं, तो बोजा सोडायचा आमचा हेतूच नव्हता. २०१४ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि जानेवारी २०१५ मध्ये दुसऱ्या सर्किटने सांगितलं की हेतू विचारायचा नाही. तो कागद दाखल करायला बँकेची परवानगी होती ना? होती. मग तो लागू. पुढे कारखान्यांतल्या जोडलेल्या यंत्रांच्या वेगळ्या नोंदींवरून वर्षानुवर्षं वाद चालला आणि २०१९ मध्ये २३.१ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

म्हणून प्रत्येक यूसीसी-३ वरचा मूळ नोंदक्रमांक आकडा-आकडा जुळवा आणि ती कोणाच्या परवानगीने दाखल झाली याचा ईमेल किंवा पत्र शोधा. परवानगी नसलेली समाप्ती निष्प्रभ असते. ट्रस्टीने ही बाजूही आधी तपासलेली बरी.

उशिरा झालेली नोंद

नोंद अर्जाआधी झाली, पण कर्जानंतर बरीच उशिरा, तर कलम ५४४ लागत नाही. ५४७ लागतं, म्हणजे दिवाळखोरीच्या तोंडावर एका धनकोला इतरांपुढे नेणारं हस्तांतरण रद्द करणारं कलम. कर्ज १ मार्चला दिलं, यूसीसी-१ दाखल झाली २० एप्रिलला, दिवाळखोरीचा अर्ज आला १० जूनला. ३० दिवसांच्या आत नोंद झाली असती तर हस्तांतरण १ मार्चचंच धरलं असतं. इथे ५० दिवस गेले, म्हणून ते २० एप्रिलचं धरतात. म्हणजे जुन्या कर्जासाठी, अर्जाच्या ५१ दिवस आधी दिलेलं तारण. ९० दिवसांच्या आतलं प्राधान्य, रद्द होण्याजोगं. या ९० दिवसांत कर्जदार नादार होता असं कायदा गृहीत धरतो. धनको आतल्या गोटातला असेल, उदाहरणार्थ संचालकाचा भाऊ, तर मुदत एक वर्षाची होते. पण ९० दिवसांपलीकडे नादारी सिद्ध करण्याची जबाबदारी ट्रस्टीवर येते.

उलट बाजूने एक सापळा आहे. ज्या कर्जातून तीच वस्तू विकत घेतली त्या कर्जाला डिलिव्हरीनंतर २० दिवसांची सवलत असते. यंत्र १ मे रोजी पोचलं, अर्ज १२ मे रोजी आला, नोंद १८ मे रोजी झाली, तरी बोजा टिकतो. कलम ५४६(बी) आणि ३६२(बी)(३) ते राखतात. डिलिव्हरीची पावती न पाहता दावा लावणारा ट्रस्टी इथे हरतो.

घर आणि जमीन

स्थावराचं गहाणखत काउंटीच्या दफ्तरात नोंदतात. इथे चुका निराळ्या असतात: भूखंडाचं वर्णन गळलं, दुसऱ्याच काउंटीत नोंद झाली, नोटरीने साक्षांकनात सही करणाऱ्याचं नाव लिहायचंच राहिलं. ओहायो, केंटकी, टेनेसी या पट्ट्यात सदोष साक्षांकनावरून ट्रस्टींनी पुष्कळ गहाणखतं रद्द करून घेतली. त्यानंतर ओहायोने २०१३ मध्ये कायदा केला की नोंदलेलं खत सदोष असलं तरी साऱ्या जगाला खबर आहे असं धरावं, आणि २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो गहाणखतांना लागू केला. जुन्या निकालांवर विसंबून ओहायोत आज दावा लावू नये. मात्र खत नोंदलंच गेलं नसेल तर तो कायदाही वाचवत नाही.

संघीय कराच्या बोज्यालाही हीच मोजपट्टी लावू नका. २००५ मध्ये सहाव्या सर्किटने सांगितलं की कर खात्याची नोंद यूसीसीच्या नावाच्या काटेकोर नियमाला बांधील नाही.

रद्द झालं, पण पैसा कोणाचा?

बोजा रद्द झाला की कलम ५५१ मुळे तो नाहीसा होत नाही, दिवाळखोराच्या मालमत्तेसाठी राखला जातो. ट्रस्टी बँकेच्या जागी उभा राहतो. पण तिच्या जागी म्हणजे तिच्याच क्रमावर, एक पायरीही वर नाही. हे आकड्यांत पाहू. यंत्राची किंमत ४ लाख डॉलर. पहिल्या बँकेचं येणं ५.५ लाख, दुसऱ्या धनकोचं १.५ लाख आणि त्याची नोंद निर्दोष.

पहिल्या बँकेची नोंद उशिरा पण दुसऱ्याच्या आधी झाली असेल आणि ती ५४७ खाली रद्द झाली असेल, तर पहिला क्रमांक ट्रस्टीला मिळतो. ४ लाख सगळ्यांच्या वाट्याला येतात, दुसऱ्याला त्या यंत्रातून काही नाही. पण पहिल्या बँकेच्या नोंदीत नावच चुकलं असेल तर तिचं तारण कधी पक्कं झालंच नव्हतं आणि राज्याच्या कायद्याने दुसरा आधीपासूनच तिच्या पुढे होता. मग दुसरा १.५ लाख घेतो आणि ट्रस्टीकडे २.५ लाख येतात. दावा लावण्याआधी हे गणित करावंच. कारण दुसऱ्याचं येणं ४ लाखांच्या वर असेल तर सगळा खटला जिंकूनही हाती काही लागत नाही आणि वकिलाचा खर्च तेवढा अंगावर येतो.

दावा

हा अर्ज नव्हे, स्वतंत्र दावा असतो. फी ३५० डॉलर. चॅप्टर ७ मध्ये, म्हणजे मालमत्ता विकून वाटण्याच्या दिवाळखोरीत, तिजोरी रिकामी असेल तर ट्रस्टीला ती पुढे ढकलून घेता येते. मुदत ‘ऑर्डर फॉर रिलीफ’पासून, म्हणजे दिवाळखोरी लागू करणाऱ्या हुकुमापासून, दोन वर्षं, आणि कर्जदाराने स्वतः अर्ज केला असेल तर तो दाखल झाल्याचा दिवस हाच हुकुमाचा दिवस. ट्रस्टी या दोन वर्षांत मागाहून नेमला गेला तर त्याच्या नेमणुकीपासून एक वर्ष, यांपैकी जी तारीख नंतरची ती. प्रकरण बंद झालं की अधिकार संपतो.

दाव्यात ५४४ आणि पर्यायाने ५४७ दोन्ही मांडा. चुकीचं नाव ध्यानात आल्यावर बँकेने ९० दिवसांच्या आत दुरुस्ती केली असेल तर दुसराच उपयोगी पडतो. त्याला ५५० ची वसुली, ५५१ चं राखणं आणि ५०२(डी) जोडा. या शेवटच्या कलमामुळे बँक घेतलेलं परत करेपर्यंत तिचा कोणताच दावा मान्य होत नाही. समन्स निघाल्यापासून सात दिवसांत बजावायचं. प्रतिवादी ठेवींचा विमा असलेली बँक असेल तर साधं टपाल चालत नाही, बँकेच्या अधिकाऱ्याच्या नावाने सर्टिफाइड मेलने पाठवावं लागतं. नेमक्या नोंदीच्या चुकीवर उभा असलेला दावा बजावणीच्या चुकीने रेंगाळतो, आणि ते टाळणं पूर्ण आपल्या हातात आहे.

कागद स्वच्छ असतील तर साक्षीपुरावा लागत नाही, कागदांवरूनच निकाल मागणारा (समरी जजमेंटचा) अर्ज पुरतो. बहुतेक प्रकरणं त्याआधीच तडजोडीला येतात. तडजोड नियम ९०१९ खाली, धनकोंना २१ दिवसांची नोटीस देऊन मंजूर होते. मसुद्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: बोजा रद्द झाला आणि ५५१ खाली राखला गेला, बँकेचा बिनतारणी दावा नेमका किती रकमेचा मान्य झाला, आणि नोंद काढण्याची किंवा ट्रस्टीच्या नावे वर्ग करण्याची परवानगी कोणाला आहे. दुसऱ्या धनकोच्या पुढे राहायचं असेल तर यूसीसी-१ घाईने संपवून टाकू नका, ती ट्रस्टीच्या नावे वर्ग करून घ्या. स्थावर असेल तर हुकुमाची प्रमाणित प्रत काउंटीच्या दफ्तरात नोंदवा. ती नोंद होईपर्यंत खरेदीदाराची टायटल कंपनी मालकीहक्काचा विमा द्यायला तयार होत नाही आणि विक्री अडून राहते.